नऊ इंच

बसा. पाठ भिंतीला टेकवली तरी चालेल, नाहीतरी आज भिंतीचाच विचार करायचा आहे. डोळे मिटा किंवा उघडे ठेवा. घाई मात्र नको.

समोर दोन गॅरेजं आणा, एकमेकांना चिकटलेली, मध्ये एकच सामाईक भिंत. आमची कोथरूडला होती, एक बाबांचं आणि एक काकांचं. आतून प्रत्येकी आठ फूट रुंद, अठरा फूट लांब, दोन्हींवर मिळून एकच पाच इंची स्लॅब, पुढे दोन शटर. तुमच्या ओळखीची दुसरी असतील तर ती घ्या. वास आठवा. आमच्याकडे ऑइलचा, ओल्या पोत्यांचा आणि झाकण नीट न लावलेल्या रंगाच्या डब्याचा यायचा.

आता भिंतीजवळ जा आणि हात ठेवा.

मांडीच्या उंचीवर गिलाव्यात एक खाच लागेल. तिच्यात फिकट पिवळा रंग घासून बसला आहे, तो फियाटच्या दाराचा. फियाट रुंदीला दीड मीटरच्याही आत, तरी डावीकडे ट्रंका आणि धान्याच्या कोठ्या असल्यामुळे बाबा गाडी उजव्या भिंतीला घासूनच लावत. दार फूटभर उघडायचं. बाबा पोट आत घेऊन, आधी डावा हात स्टिअरिंगवर रोवून, मग तिरके होत बाहेर पडत. रोज. पंचवीस वर्षं. बोट त्या खाचेतून सावकाश फिरवा.

भिंतीच्या पलीकडे तसाच एक चर आहे, काकांच्या स्कूटरच्या हँडलचा.

एव्हाना तुमचं मन दोन भाऊ, दुरावा, मनामनातल्या भिंती वगैरेकडे धावलं असेल. त्याला परत बोलवा. बाबा आणि काका शेवटपर्यंत रोज सकाळी एकत्र चहा घ्यायचे. ही भिंत नऊ इंची विटांची आहे, तिला विटांचीच राहू द्या. ती पाडायची वेळ आली ती चुलतभावाच्या नव्या गाडीमुळे. गाडी एक मीटर ऐंशी सेंटिमीटर रुंद, आरसे सोडून.

श्वास घ्या आणि वर बघा.

स्लॅब दिसते, तिच्या आतल्या सळया दिसत नाहीत. दोन भिंतींच्या मधल्या भागात स्लॅब किंचित खाली झुकू पाहते, तिचा तळ ताणला जातो, म्हणून तिथे सळया तळाशी असतात. मधल्या भिंतीवर मात्र उलटं होतं. तिथे ती पाठ वर काढते, ताण वरच्या अंगाला येतो, म्हणून भिंतीपाशी पोचताना सळया वाकवून वर घेतात. सेंट्रिंगवाले याला क्रँक म्हणतात.

आता मनातल्या मनात भिंत काढून टाका. जिथे आधार होता तिथेच आता स्लॅबचा मध्य आला. ताण खाली, सळई वर. इतकी वर्षं बरोबर असलेली मांडणी एका दिवसात चुकीची ठरली, आणि स्लॅबला ते सांगायलाही कोणी गेलं नाही.

इथे थोडं थांबा.

भिंतीच्या वाट्याचं वजन मोजा. दोन्हीकडची अर्धी अर्धी स्लॅब धरली तर साडेचार टनांच्या आसपास येतं, नुसतं काँक्रीट, गच्चीवरचा कोबा आणि पाण्याची टाकी वेगळी. फियाट नऊशे किलोच्या आसपास, म्हणजे डोक्यावर पाच फियाट. ज्या भिंतीला आम्ही फक्त दाराचे ओरखडे दिले ती हे पेलत होती.

मिस्त्रींचं वाक्य मला अजून आठवतं. "भाऊ, भिंत पाडायला अर्धा दिवस. आधीचं काम पंधरा दिवसांचं."

ते पंधरा दिवस डोळ्यांसमोर हळूहळू जाऊ द्या. स्ट्रक्चरल इंजिनिअरचं ड्रॉइंग, महापालिकेची परवानगी (ही पंधरा दिवसांत धरलेली नाही, तेवढं समजून घ्या). मग पुढच्या दोन्ही कोपऱ्यांत खणून पाया उघडा केला. मुरूम लागला, मिस्त्रींचा चेहरा सैल झाला. कारण एकच मोठं शटर हवं तर दोन दरवाजांमधला खांबही जाणार. मग भिंतीच्या जागी येणाऱ्या गर्डरचं पुढचं टोक दुसऱ्या आडव्या गर्डरच्या बरोबर मध्यावर बसणार. तो ते वजन डावी-उजवीकडे वाटणार आणि कोपऱ्यातले खांब ते जमिनीत उतरवणार. वजन नाहीसं होत नाही, त्याला फक्त दुसरी वाट काढून द्यावी लागते. ही वाट बोटाने हवेत काढून बघा. मी कागदावर तीनदा काढली, तेव्हा कुठे पटली.

कोपऱ्यांतले खांब नव्याने भरले, त्यांना गोणपाट गुंडाळलं. सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं काम माझ्याकडे होतं. करायला दुसरं काही नव्हतं, आणि ते बरं होतं.

मग भिंतीच्या दोन्ही अंगांना लोखंडी प्रॉप उभे राहिले, वर फळ्या. मिस्त्री एकेक स्क्रू फिरवत आणि फळीवर बोटाने टिचकी मारून ऐकत. स्लॅब उचलायची नव्हती, नुसती हातात धरायची होती. त्यानंतर वरच्या थरापासून एकेक वीट. घण नाही, छिन्नी-हातोडा. खाच असलेली वीट मी मागून घेतली. गिलावा सगळा गळून पडला, त्यामुळे ती आता इतर कुठल्याही विटेसारखी दिसते.

गर्डर चढला. त्याच्या आणि स्लॅबच्या मधली फट लोखंडी पाचरींनी आणि ग्राउटने भरली. प्रॉप काढायच्या दिवशी मात्र कोणी बोलत नव्हतं. मधला आधी सैल केला, मग त्याच्या शेजारचे, मग कडेचे. गर्डरखाली ताणलेली दोरी होती. गर्डर दोन मिलीमीटर वाकला आणि थांबला. मी घाबरून मिस्त्रींकडे पाहिलं. ते म्हणाले, "घेतलं त्याने."

ते दोन मिलीमीटर बघत राहा.

हिशेबाने पाहिलं तर रुंदी वाढली नऊ इंच. आठ आणि आठ सोळा, आता सोळा फूट नऊ इंच. प्रॉपर्टी कार्डं आजही दोनच आहेत, तिथली भिंत कोणी पाडलेली नाही. खाली जमिनीवरही ती आहेच. कोबा ज्याने त्याने आपापल्या सोयीने केला होता, दोन्हींत अर्ध्या इंचाचा फरक. मधल्या नऊ इंची चरात नवं सिमेंट भरून उतार काढला, पण रंग जुळला नाही.

आता शटर वर जातंय. गाडी तिरकी आत येते आहे. पट्टीवरून पुढचं चाक, धप. जरा वेळाने मागचं. चुलतभाऊ न बघताच दार सताड उघडतो. त्याच्या शेजारच्या सीटवरून मी उतरतो, पोट आत घेऊन.