ड्रायरच्या जाळीतला पुंजका

स्टॉकहोमला आल्यावर कळलं, इथे कपडे धुवायलाही स्लॉट बुक करावा लागतो. बऱ्याच इमारतींत सगळ्यांचं मिळून एकच धुलाईघर असतं, बहुतेकदा तळघरात. स्वीडिशमध्ये त्याला ‘त्वेत्तस्तूगा’ म्हणतात. आपली वेळ संपली की लादी पुसायची, ड्रायरच्या जाळीत अडकलेला धाग्या-केसांचा पुंजका काढायचा आणि निघायचं.

एकदा मी तो पुंजका विसरलो. पुढच्या वेळी मशीनवर चिठ्ठी: तुमची घाण आम्ही का काढायची? (अशा रागीट चिठ्ठ्यांसाठी इथली धुलाईघरं प्रसिद्धच आहेत.) मला भयंकर अपमान वाटला. चिमूटभर तर धागे!

मग पुण्यातल्या मावशी आठवल्या. माझ्या कॉलरी त्यांनी बारा वर्षं घासल्या. आतले कपडे ज्याचे त्याने धुवायचे, हा आईचा नियम. तेवढ्यावर आम्ही स्वतःला माणुसकीवाले समजायचो. घामट मोजे मात्र मी उलटे, गोळा करून बादलीत टाकायचो. पगार देतो की, हे उत्तर तयार असायचं. कामाचा पगार ठीक, पण मोजा सरळ न करण्याचा हक्क त्यात कुठून आला?

इथल्या शेजाऱ्याने एका पुंजक्यावरून मला जाब विचारला. मावशींनी चिठ्ठी लिहिली असती, तर त्यांचं काम टिकलं असतं का?

रविवारी आईला फोनवर म्हटलं, बाबांना मोजे सरळ करून टाकायला सांग. ती हसली. “तिने कधी तक्रार केली नाही रे.”