पट संपल्यावर

केदारखेड्यास पूर्णेच्या काठी एका माळकऱ्याच्या गोठ्यात आम्ही बसलो होतो. दावणीला एक म्हातारा बैल होता. एके काळी शंकरपटात त्याचे नाव होते. आता गुडघा सुजलेला. मालकाने विकावयास काढला, तेव्हा या गृहस्थाने घरी आणला. शेजारी म्हणाला, “म्हाराज, हा ना औताचा, ना पटाचा. नुसता कडबा खातो. ही दया परवडती का?”

प्रश्न खोटा नाही. परंतु हिला दया म्हणावे काय?

२०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने शर्यती थांबविल्या. १६ डिसेंबर २०२१ रोजी अटींवर परवानगी दिली. १८ मे २०२३ च्या निकालाने ती कायम झाली. धावण्याचा वाद तेथे मिटला. धावून झाल्यावर काय, हा प्रश्न मात्र आपल्या गोठ्यातच सुटावयाचा. २०१५ पासून राज्यात बैलाच्या कत्तलीस बंदी आहे. पण कायदा जीव राखील, वैरण कोण घालील?

परदेशांत कुत्र्यांच्या शर्यती लावतात. २०१८ साली मकाव येथील मैदान बंद झाले, तेव्हा पाचशेहून अधिक कुत्रे उरले. ज्यांनी त्यांच्यावर कधी पैसा लावला नव्हता, अशांनीही त्यांना घरी नेले.

येथे नाथमहाराजांची कथा आठवते. रामेश्वरासाठी आणलेले गंगोदक त्यांनी तहानेल्या गाढवास पाजले. ते गाढव कोणाचे, त्याने आपले काय वाहिले, हे त्यांनी विचारले नाही. आपले तर याहून सोपे आहे. हा बैल आपल्यासाठी धावलाच आहे! तरुणपणी पटाच्या कडेला उभे राहून आम्हीही आरोळ्या ठोकल्या. बक्षीस मालकाने नेले, आनंद आम्ही लुटला. मग ऋण एकट्या मालकाचे कसे?

दुष्काळात ज्याच्या लेकरांचीच ओढाताण, त्याला आम्ही बोल लावणार नाही. म्हणूनच हे ओझे वाटून घ्यावे. पट पाहणाऱ्या घरांनी सुगीत घरटी कडब्याची एक पेंढी दिली, तर एक बैल कोणास जड नाही.

सांभाळही समजून करावा. पटाचा खुराक एकदम तोडू नये, हळूहळू उतरवावा. नाहीतर पोट बिघडते. दात झिजलेले, म्हणून कुट्टी करून द्यावी. बसावयास कोरडी जागा हवी. रोज थोडे चालवावे. धावलेले अंग खुंट्यालाच राहिले की सांधे धरतात. हलगी वाजली की तो अजून कान टवकारतो, उसळतो; त्यास दटावू नये. त्याला कोणी सांगितले आहे, की पट संपला?

पोळ्याला शिंगे रंगवून पुरणपोळी चारणे सोपे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीही दावे त्याच खुंट्याला असावे, एवढेच आमचे मागणे.

त्या माळकऱ्याने शेजाऱ्यास उत्तर दिले नाही. उठून बैलापुढे पाणी ठेवले.

रामकृष्णहरि.