मापाडी

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात एक मापाडी होता. आपल्या मार्केट यार्डात असतो तसाच, फक्त पोत्यांऐवजी ट्रक तोलणारा. रेल्वेरुळाच्या कडेला सहकारी संस्थेची उंचच उंच धान्याची कोठारं, त्यांच्या तोंडाशी भुईकाटा, आणि काट्याशेजारच्या खिडकीत हा. भरला ट्रक काट्यावर घ्यायचा, वजन लिहायचं, नळी खुपसून मक्याचा नमुना काढायचा, ओलावा बघायचा, ट्रक रिकामा होऊन आला की पुन्हा वजन. ५६ पौंडांचा एक बुशेल. ओलावा १५ टक्क्यांच्या वर गेला की पैशात कपात. कपातीवरून शेतकरी आणि घेणारा यांचं एकमत जगाच्या पाठीवर कुठं होत नाही, पण या खिडकीशी आवाज चढत नसे. एकदा संस्थेच्या अध्यक्षांचाच मका आला आणि ओलावा निघाला १५.६. अध्यक्ष खिडकीत वाकून हसले आणि म्हणाले, "अरे, माझा आहे तो." यानं १५.६ लिहून पावती त्यांच्या हातात दिली. अध्यक्षांनी ती मुकाट्यानं खिशात घातली आणि ही गोष्ट संध्याकाळपर्यंत चार गावांत पसरली. अशानं माणसाची पत तयार होते. तीस वर्षं नोकरी करून तो निवृत्त झाला.

हा माणूस माझ्या मनातला आहे, त्याची काउंटी, म्हणजे जिल्हा, नकाशात शोधू नये. तो ज्या निवडणुकीत सापडला ती मात्र अक्षरशः घडलेली आहे.

आयोवातून अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात चार सदस्य जातात. बऱ्याच राज्यांत मतदारसंघांच्या सीमा सत्ताधारी पक्ष आपल्या सोयीनं आखतो. आयोवात १९८० च्या कायद्यानं ते काम विधिमंडळाच्या निष्पक्ष कर्मचाऱ्यांकडे दिलं, आणि सध्याचे खासदार कुठं राहतात हे आखताना बघायचंसुद्धा नाही असं ठरवलं. अंतिम मान्यता आमदारांचीच लागते, पण पेन्सिल त्यांच्या हातात नसते. आमच्या मापाड्याला हे राज्य मानवलं यात नवल नाही.

२०२० साली आग्नेय आयोवातल्या दुसऱ्या मतदारसंघाची जागा मोकळी झाली. २००६ च्या निवडणुकीपासून ती डेमोक्रॅटिक पक्षाच्या डेव्ह लोबसॅक यांच्याकडे होती, ते आता निवृत्त होत होते. रिपब्लिकन उमेदवार मॅरिअनेट मिलर-मीक्स म्हणजे ओटमवा गावच्या नेत्रतज्ज्ञ आणि पूर्वी लष्करात असलेल्या. २००८, २०१० आणि २०१४ अशा तीन निवडणुका त्या याच लोबसॅक यांच्याकडून हरल्या होत्या, आणि तरीही चौथ्यांदा उभ्या होत्या. चिकाटीला काय म्हणावं! समोर डेमोक्रॅटिक पक्षाच्या रीटा हार्ट, व्हीटलँडजवळ शेती करणाऱ्या, अनेक वर्षं शाळेत शिकवलेल्या, राज्याच्या सिनेटवर राहिलेल्या.

मापाड्याची बायकोही निवृत्त शिक्षिका. तिनं हार्ट यांच्या नावाची पाटी अंगणात ठोकली होती. मापाडी मतदारयादीत 'कुठल्याही पक्षाचा नाही' या रकान्यात. तो पाटीच्या भोवतीचं गवत नीट कापायचा, त्यावर बोलायचा नाही.

कोरोनाचं वर्ष. राज्यात १७ लाखांच्या आसपास लोकांनी मतदान केलं, त्यातल्या दहा लाखांच्या आसपास लोकांनी आधीच, बहुतेकांनी टपालानं. टपालाच्या मतपत्रिकेला एक शपथेचं पाकीट असतं. आत मतपत्रिका, बाहेर मतदाराची सही. सही नसेल तर पाकीट उघडतच नाहीत. निवडणुकीचं काम बघणाऱ्या काउंटीच्या ऑडिटरचं कार्यालय तसं कळवतं, आणि मतदानाचा दिवस संपायच्या आत चूक दुरुस्त करता येते. बायकोनं उमेदवारांची नावं दोनदा वाचून गोल काळे केले, पाकीट चिकटवलं आणि सही राहिली. ऑडिटरचं पत्र आलं. पण त्या महिन्यात पत्रपेटी उघडली की प्रचाराची रंगीत पत्रकंच अंगावर येत. जोनी अर्न्स्ट आणि थेरेसा ग्रीनफिल्ड यांची सिनेटची लढत त्याच वेळी चालू होती आणि तिच्यावर पैसा पाण्यासारखा वाहत होता. ते एक पांढरं पाकीट रंगीत गठ्ठ्यात गेलं आणि गठ्ठा रद्दीत.

३ नोव्हेंबरच्या रात्री मिलर-मीक्स २८२ मतांनी पुढे होत्या. मग जॅस्पर काउंटीत आकडे चढवताना झालेली चूक सापडली आणि हार्ट पुढे गेल्या. मग लुकस काउंटीतल्या एका केंद्राचा घोळ निघाला आणि पारडं पुन्हा फिरलं. चुका माणसांच्या होत्या, दमलेल्या कारकुनांच्या, आणि त्या ज्यांनी केल्या त्यांनीच जाहीर केल्या. शेवटी अंतर उरलं ४७ मतांचं. हार्ट यांनी सगळ्या २४ काउंट्यांत फेरमोजणी मागितली.

आयोवाच्या तेव्हाच्या कायद्यात फेरमोजणीला तीन माणसं बसत. एक या उमेदवाराचा, एक त्या उमेदवाराचा, आणि तिसरा दोघांनी मिळून ठरवलेला. तिसऱ्यावर जमलं नाही तर न्यायाधीश नेमणार. मापाड्याच्या काउंटीत हार्ट यांच्या बाजूनं आली एक सोयाबीन पिकवणारी शेतकरीण, समोरून एक तरुण वकील. दोघांनी तिसऱ्याचं नाव चिठ्ठीवर लिहायचं ठरवलं. दोन्ही चिठ्ठ्यांवर मापाड्याचं नाव. वकिलाच्या वडिलांचे ट्रक त्यानंच तोलले होते.

कोर्टाच्या इमारतीतल्या लांब टेबलावर मोजणी सुरू झाली. तोंडाला मास्क, मधे सहा-सहा फूट जागा, खिडक्या उघड्या, बाहेर नोव्हेंबरची थंडी. काही काउंट्यांनी यंत्रानं मोजलं, काहींनी हातानं, इथं हातानं चाललं होतं. दुसऱ्या दिवशी एक पत्रिका अडली. मतदारानं गोल काळा करायच्या ऐवजी नावाशेजारी फुली मारली होती आणि यंत्रानं ती वाचलीच नव्हती. फुली मिलर-मीक्स यांच्यापुढे.

"फुली म्हणजे नकार," शेतकरीण म्हणाली.

"फुली म्हणजे पसंती," वकील म्हणाला.

मापाड्यानं पत्रिका दिव्याखाली घेतली. वरच्या ओळीपासून खालपर्यंत बोट फिरवलं. राष्ट्राध्यक्षापासून काउंटीच्या शेवटच्या पदापर्यंत त्या माणसानं सगळीकडे फुल्याच मारल्या होत्या, प्रत्येक पदाला एक. "इतक्या पदांवर इतक्या लोकांना नकार द्यायला कोणी रांगेत उभं राहत नाही," तो म्हणाला आणि पत्रिका मिलर-मीक्स यांच्या गठ्ठ्यावर ठेवली. तासाभरानं तशीच दुसरी आली, फुल्यांची, हार्ट यांच्या नावापुढे. आता वकिलानं तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं.

दुपारी शेतकरिणीनं विचारलं, किती पाकिटं न उघडता बाजूला ठेवली आहेत? ऑडिटरच्या मदतनीस बाईंनी रबर लावलेला छोटा गठ्ठा आणून दाखवला. शेतकरीण एकेक पत्ता वाचत गेली. एका पाकिटावर थांबली.

"हे तुझ्या घरचं आहे."

मापाड्यानं चष्मा वर केला. पत्ता त्याचाच, अक्षर बायकोचं, सहीची ओळ कोरी.

"इथून तुझं घर किती लांब? दहा मिनिटं. तिला बोलाव, सही करू दे, आणि उघड. ती कुणाला मत देते हे अख्ख्या गावाला माहीत आहे. एकेका मतासाठी आपण इथं बसलोय."

वकील खुर्चीत ताठ झाला. त्याला काही बोलायचं होतं, पण आपण बोललो तर म्हातारा दुखावेल आणि नाही बोललो तर मत जाईल, अशा कात्रीत तो सापडला.

मापाड्यानं मदतनीस बाईंना विचारलं, "मोजणीत आधी न धरलेलं पाकीट उघडायचा अधिकार आम्हाला आहे?"

"नाही. जी मतं पहिल्या मोजणीत धरली, तेवढीच तुम्ही पुन्हा मोजायची."

"मग ट्रक काट्यावर चढलेलाच नाही. मी पावती कशाची फाडू?"

"अरे, पण ती तुझी बायको आहे!" शेतकरीण म्हणाली.

"म्हणून तर विचारून घेतलं," तो म्हणाला आणि पुढचा गठ्ठा ओढला.

इथं एक गोष्ट माझ्या मनात येते. त्यानं पाकीट उघडलं असतं तर ते बायकोच्या मायेपोटी झालं असं कुणीच म्हटलं नसतं. "प्रत्येक मत मोजलं गेलं पाहिजे" असं सुंदर कारण तयारच होतं, आणि ते खोटंही नव्हतं. चांगल्या कारणाचा मोह वाईट कारणापेक्षा जड असतो, त्याला नाही म्हणायला माणसाला सबबसुद्धा सापडत नाही.

संध्याकाळी त्यानं घरी सांगितलं. बायको आधी गप्प झाली, मग स्वतःवर चिडली, मग त्याच्यावर.

"तुला उघडता आलं असतं."

"येत नव्हतं."

"कुणी अडवलं असतं तुला? तो पोरगा?"

"नसतं अडवलं."

ती उठून रद्दीच्या खोक्याकडे गेली. अर्ध्या तासानं पांढरं पाकीट घेऊन आली. तारीख बघितली. पत्र वेळेत आलं होतं.

फेरमोजणी संपली आणि ३० नोव्हेंबरला राज्यानं निकालावर शिक्का मारला. मिलर-मीक्स १,९६,९६४. हार्ट १,९६,९५८. जवळपास चार लाख मतांत फरक सहाचा. १९८४ मध्ये इंडियानातल्या एका जागेचा वाद चार मतांवर मिटला होता, त्यानंतर प्रतिनिधीगृहाच्या निवडणुकीत इतकं कमी अंतर पडलं नव्हतं.

राज्यातल्या न्यायाधीशांच्या मंडळापुढे दाद मागितली तर ८ डिसेंबरपर्यंत निकाल लागायला हवा होता. एवढ्यात होणार नाही, असं म्हणून हार्ट थेट प्रतिनिधीगृहाकडे गेल्या. तसा मार्ग आहे. आपल्या सदस्यांच्या निवडीचा न्याय प्रत्येक सभागृहानं स्वतः करावा, असं अमेरिकेच्या राज्यघटनेतच लिहिलं आहे. त्यांचं म्हणणं, २२ वैध मतं चुकीनं बाहेर ठेवली गेली, ती धरली तर मी ९ मतांनी जिंकते. सभागृहात बहुमत त्यांच्याच पक्षाचं होतं. म्हणजे न्याय करणारे आपलेच.

बायकोनंही हार्ट यांच्या वकिलांना फोन केला. मापाडी शेजारी बसून शेंगा सोलत होता, त्यानं अडवलं नाही. "तुझी तक्रार तू करायचीस. मी फक्त टेबलावर बसून ती मिटवायची नव्हती." वकिलांनी तारखा विचारल्या, पत्र कधी मिळालं ते विचारलं, आभार मानले आणि तिचं प्रकरण बाजूला ठेवलं.

मिलर-मीक्स यांनी ३ जानेवारीला तात्पुरती म्हणून शपथ घेतली. पुढच्या तीन दिवसांत वॉशिंग्टनमध्ये काय झालं ते सगळ्या जगानं दूरदर्शनवर पाहिलं. राज्यांनी शिक्कामोर्तब केलेला राष्ट्राध्यक्षपदाचा निकाल मानायचा नाही म्हणून जमाव संसदेत घुसला. त्यानंतर डेमोक्रॅटिक सदस्यांची पंचाईत झाली. तिकडे राज्यांचा शिक्का माना म्हणायचं आणि इकडे आयोवाचा शिक्का पुसायचा, हे लोकांना कसं सांगणार? काहींनी तसं उघड बोलून दाखवलं. ३१ मार्च २०२१ ला हार्ट यांनी अर्ज मागे घेतला. त्यांची तक्रार खोटी होती असं कुणी सिद्ध केलं नाही. ती तपासायला बसणाऱ्यांवर दोन्ही बाजूंचा विश्वास असता तर काय झालं असतं, हा प्रश्न तसाच राहिला.

शेतकरीण मापाड्याशी बोलेनाशी झाली. चर्चमध्ये दोन बाकं पुढे बसायला लागली. सहा मतांचं गणित ज्याला त्याला तोंडपाठ होतं, आणि सहातलं एक कुठल्या घरात होतं तेही. कॉफीच्या दुकानात लोक त्याला हसत म्हणायचे, तुझ्याच घरानं निवडून दिलं बघ. वकिलाच्या वडिलांनी ख्रिसमसला डुकराच्या मांसाचा भलामोठा तुकडा पाठवला, तर यानं तो चिठ्ठी लावून परत केला, त्यामुळे तिकडचेही थोडे नाराज झाले. बायको २०२२ पासून टपालाच्या भानगडीत पडली नाही. स्वतः केंद्रावर जाते आणि यादीवर सही करताना शेजारच्याला उगाच दाखवते.

२०२४ ला पुन्हा तोच खेळ. सीमा बदलल्या होत्या, मतदारसंघाचा क्रमांक आता पहिला, उमेदवार पुन्हा मिलर-मीक्स, समोर डेमोक्रॅटिक पक्षाच्या क्रिस्टिना बोहॅनन. चार लाखांहून जास्त मतं आणि अंतर ८०० च्या आसपासचं. बोहॅनन यांनी फेरमोजणी मागितली, २० काउंट्यांत.

त्याच रात्री मापाड्याचा फोन वाजला. शेतकरीण होती, चार वर्षांनी.

"तू बसशील ना? त्यांनी तुझं नाव सुचवायच्या आधी आम्हाला सुचवायचंय."

"तेव्हा रागावली होतीस."

"अजून आहे. बसशील का ते सांग."

"बसेन," तो म्हणाला. "गेल्या महिन्यात मोतीबिंदू काढलाय, उजव्या डोळ्याचा. हे त्यांच्या माणसालाही सांग. नंतर वाद नको."