ल्यूसीचा बॉल

चार्ली ब्राउनची थट्टा करायला फार कष्ट पडत नाहीत. वाटोळं डोकं, कपाळावर केसाचं एकच वळण, अंगात वर्षानुवर्षं तोच नागमोडी पट्ट्याचा शर्ट. त्याचा पतंग झाडात नुसता अडकत नाही, झाड तो खाऊन टाकतं. त्याची बेसबॉलची टीम हरत राहते आणि टीमचा मॅनेजर तोच. मन मोकळं करायला तो पाच सेंट देऊन ज्या ल्यूसीच्या टपरीवर जातो, तीच त्याच्या निम्म्या दुखण्यांचं मूळ. चार्ल्स शुल्झ यांनी २ ऑक्टोबर १९५० रोजी सात अमेरिकी वर्तमानपत्रांत ‘पीनट्स’ ही कॉमिक स्ट्रिप सुरू केली आणि जवळजवळ पन्नास वर्षं ती एकट्यानं काढली. फुग्यांमधली अक्षरंसुद्धा त्यांच्याच हातची. पुढे हात कापू लागला, रेषा थरथरू लागल्या, तरी पेन दुसऱ्या कुणाला दिलं नाही. एवढ्या काळात हा मुलगा फारसा वाढला नाही आणि काही शिकलाही नाही, असं त्याच्यावर प्रेम करणारेच हसत म्हणतात. वाढला नाही हे खरं. शिकला नाही हे मात्र मला कधीच पटलेलं नाही.

हे म्हणणं येतं ते मुख्यतः बॉलच्या प्रसंगावरून. अमेरिकी फुटबॉल लंबगोल असतो. तो जमिनीवर उभा करून एकानं वरून बोटानं धरायचा आणि दुसऱ्यानं लांबून पळत येऊन लाथ मारायची. १९५१ मध्ये हा बॉल पहिल्यांदा धरला तो व्हायोलेट नावाच्या मुलीनं. चार्ली आपल्या हातावरच लाथ घालेल या भीतीनं तिनं तो सोडून दिला. पुढच्या वर्षी ल्यूसी आली. आपल्या नव्याकोऱ्या बॉलला त्याचे मळके बूट लागायला नकोत, म्हणून तिनं ऐन वेळी बॉल काढून घेतला. तेव्हापासून पानगळीच्या दिवसांत हा खेळ जवळजवळ दरवर्षी होत राहिला. ती बॉल धरते, तो म्हणतो तू काढून घेणार, ती एखादी नवी खात्री देते, तो धावत येतो, बॉल नाहीसा होतो आणि हा पाठीवर आदळतो. १९६६ च्या टीव्हीवरच्या कार्यक्रमात तर ती सही केलेला कागदच त्याच्या हातात देते आणि तो पडल्यावर सांगते की कागद नोटरीकडून करून घ्यायचा राहिला होता.

मी पुण्यात एका इंग्रजी दैनिकाच्या कचेरीत पुरवणीची पानं लावायची. परदेशी स्ट्रिप छापायच्या तारखेच्या बऱ्याच आधी येऊन पडलेल्या असत. कटरनं ब्रोमाइडच्या कडा कापून पट्टी पानावर बसवताना बहुधा शेवटची चौकट आधी डोळ्यांत भरायची. पाठीवर पडलेला चार्ली, वर ल्यूसीचं तोंड. मग मागे मागे जात पहिल्या चौकटीशी पोचावं, तर तिथे हाच मुलगा अजून उभा, अजून वाद घालतोय. तिथे माझा हात थांबायचा. कारण वाद घालणारा माणूस विसरलेला नसतो. मागच्या वर्षीचं त्याला चांगलं आठवत असतं. सगळं माहीत असून तो धावतो.

आमच्याकडे न्यायशास्त्र शिकलेले एक वयस्क प्रूफरीडर होते. आम्ही त्यांना काका म्हणायचो. स्ट्रिप बघून ते म्हणाले, “अगं, या पोराला व्याप्ती शिकवायला हवी.” जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी, हे स्वयंपाकघरात पुन्हा पुन्हा पाहिलेलं असतं, म्हणून डोंगरावर धूर दिसला की तिथेही अग्नी आहे असं आपण ठरवतो. जिथे ल्यूसी तिथे पाठ आपटणं, हेही इतक्यांदा पाहून झालंय. मी म्हटलं, “काका, चार्वाक तर अनुमान मानतच नाहीत. आजवर दिसलं तेच पुढेही दिसेल, हे कशावरून?” ते हसले. “चार्वाकसुद्धा चुलीत हात घालत नाही,” म्हणाले.

काकांचं उत्तर बरोबर होतं, पण ते धुराला लागू पडणारं होतं. धूर काही ठरवत नाही. ल्यूसी ठरवते. दर वेळी बॉल धरलेलं बोट उचलायचं की नाही, हे तिचं तिला ठरवावं लागतं. तिच्याबद्दल धुरासारखं अनुमान करायचं म्हणजे तिला आता बदलताच येणार नाही असा निकाल देऊन मोकळं व्हायचं. तसा निकाल द्यायला चार्ली ब्राउन तयार नाही. त्याची श्रद्धा म्हणतात ती मला इथे दिसते. ल्यूसी चांगली आहे असं तो मुळीच मानत नाही. ती या खेपेला वेगळं वागू शकते, एवढंच मानतो. श्रद्धेचा हा अर्थ मला देवाबद्दलच्या पुष्कळ चर्चांपेक्षा जास्त धार्मिक वाटतो.

त्याच स्ट्रिपमधला लायनस, ल्यूसीचा धाकटा भाऊ, दर हॅलोविनला भोपळ्याच्या मळ्यात रात्र काढतो. सगळ्यांत प्रामाणिक मळा निवडून तिथे थोर भोपळा प्रकटतो आणि मुलांना खेळणी वाटतो, असं त्याचं मानणं. तो मला फार आवडतो, पण त्याची वाट पाहणं निराळं आहे. भोपळ्याला काही ठरवायचं नाही; तो एक तर आहे किंवा नाही. शुल्झ चर्चमध्ये बायबलचे वर्ग घेत, आणि रॉबर्ट शॉर्ट यांनी १९६५ मध्ये ‘पीनट्स’मधून ख्रिस्ती धर्मविचार उलगडणारं पुस्तक लिहिलं, ते खूप खपलं. तरी लायनसच्या भोपळ्यावरून आस्तिक-नास्तिक वाद काढण्यात मला रस नाही. माझा प्रश्न बॉलचा आहे: पुरावा विरुद्ध असताना माणसावर भरवसा ठेवणं हे पाप की पुण्य?

पाप, असं विल्यम क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञानं १८७७ मध्ये ठणकावून सांगितलं. त्यांचा दाखला एका जहाजमालकाचा. जहाज जुनं, डागडुजीला आलेलं. पण आजवर सुखरूप परतलं तसं याही वेळी परतेल, अशी त्यानं मनाची समजूत घातली आणि उतारूंना समुद्रावर धाडलं. जहाज बुडालं. क्लिफर्ड म्हणतात, ते बुडालं नसतं तरी मालक दोषीच. तसं मानायचा त्याला अधिकार नव्हता. १८९६ मध्ये अमेरिकेच्या विल्यम जेम्स यांनी उत्तर दिलं की काही गोष्टी आधी विश्वास टाकल्याशिवाय घडतच नाहीत. समोरच्याला मी आवडतो याचा पुरावा मिळेपर्यंत मी हात आखडून बसलो, तर मैत्री होणारच नाही. मी जेम्सच्या बाजूची आहे. पण क्लिफर्डच्या जहाजात माणसं होती, हे विसरून जेम्सची बाजू घेता येत नाही. ते मला पुस्तकातून नाही, आमच्या वाईच्या दुकानात कळलं.

अण्णांचं किराणा दुकान होतं. एक सुतार उधारीवर माल न्यायचा आणि दर खेपेला दिवाळीला चुकते करतो म्हणायचा. लाल कापडाच्या बांधणीच्या वहीत त्याचं पान भरून पुढच्या पानावर गेलं होतं. एका संध्याकाळी अण्णा त्याला दोन किलो साखर जोखत होते, तेव्हा आई आतल्या दारात येऊन उभी राहिली. तो गेल्यावर म्हणाली, “अहो, पोरीची फी भरायचीय.”

“या वेळी देईल तो.”

“कशावरून?”

“म्हणाला ना देतो.”

आई जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “द्या. मी नको म्हणत नाही. पण तुमच्या पानतंबाखूच्या पैशातनं द्या.”

त्यानंतर सुतार काही घेऊन गेला की अण्णा खिशातून तेवढे पैसे काढून गल्ल्यात टाकायचे आणि तंबाखूची पुडी दोन दिवस लांबवायचे. सुतारानं थोडं फेडलं, पुष्कळसं राहिलं. अण्णांनी देणं सोडलं नाही. आईनं त्यांच्या भरवशाला हात लावला नव्हता. तो कुणाच्या पाठीवर आदळणार, एवढंच ठरवून दिलं होतं. क्लिफर्डचा मालक दुसऱ्यांचे जीव पणाला लावत होता, चार्ली स्वतःची पाठ लावतो. म्हणूनच, मार खाणाऱ्या बाईला ‘पुन्हा एकदा विश्वास ठेवून बघ’ असं सांगणारे नातेवाईक मला चार्ली ब्राउनच्या पंथातले वाटत नाहीत. ते दुसऱ्याची पाठ देऊ करतात.

आता १९७९ चा उन्हाळा. चार्ली आजारी पडतो, हॉस्पिटलात दाखल होतो, आणि ल्यूसी चक्क नवस बोलते: हा बरा झाला तर पुन्हा कधी बॉल काढून घेणार नाही. तो बरा होतो. ल्यूसी नवस फेडते. बॉल धरते, चार्ली धावत येतो, बोट हलत नाही, आणि त्याची लाथ बॉलला न लागता तिच्या हातावर बसते. हात प्लास्टरमध्ये. व्हायोलेटला १९५१ मध्ये जी भीती वाटली होती, ती अठ्ठावीस वर्षांनी अशी खरी ठरली. या स्ट्रिपवर लोक खूप हसतात, मीही हसते. पण काकांच्या व्याप्तीचं काय झालं ते बघा. ल्यूसीला वेगळं वागता येत होतं, ती वागली. बॉल धरून बसणाऱ्यालाही धोका असतो आणि तिनं तो पत्करला. चार्लीचा इतक्या वर्षांचा भरवसा इथे खरा ठरतो, लाथ चुकली तरीही.

शेवटची खेप २४ ऑक्टोबर १९९९ ची. ल्यूसी बॉल धरून बसलेली असताना तिला घरातून जेवायला बोलावणं येतं. ती सगळ्यांत धाकट्या भावाला, रीरनला, आपल्या जागी बसवून आत जाते. रीरन परत आल्यावर ती अधीर होऊन विचारते, काय झालं? तो सांगत नाही, सांगणारही नाही म्हणतो. महिन्या-दोन महिन्यांतच आजारपणामुळे शुल्झ निवृत्त झाले. १२ फेब्रुवारी २००० ला ते गेले आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरांत त्यांची अखेरची रविवारची स्ट्रिप आली. निवृत्त होताना एका मुलाखतीत त्यांचा गळा दाटून आला होता: त्या बिचाऱ्या पोराला एकदाही बॉलला लाथ मारायला मिळाली नाही, आपण त्याच्यावर अन्याय केला.

निर्मात्याशी वाद घालणं बरं दिसत नाही, तरी मी घालते. रीरननं बोट उचललं की नाही हे शुल्झ यांनी काढलेलंच नाही. चार्ली त्या दिवशी ज्याच्याकडे धावत गेला, त्या मुलानं त्याला आधी कधी फसवलेलं नव्हतं. आणि ल्यूसीला आयुष्यात पहिल्यांदा पुराव्याशिवाय बसावं लागलं. चार्ली ब्राउनची लाथ लागली असेल असं मानायचं की नाही, हे आता तिनं ठरवायचं होतं.