बाकीच्यांचा कप्पा

सीडींमधलं संगीत संगणकावर उतरवून घ्यायला बसलो आणि किशोरीताईंच्या भूपासमोर संगणकाने आपणहून प्रकार लिहिला: 'वर्ल्ड'. कुमारांच्या पुढेही तेच, आणि मालीच्या कोरावादकापुढेही तेच. मी पुसून 'शास्त्रीय' केलं, पण चिडचिड काही गेली नाही. ज्यांच्या गाण्यावर कान तयार झाले त्यांना माझ्याच घरात 'बाकीचे' ठरवणारा हा कोण टिकोजीराव?

तो कोण, हे तसं जगजाहीर आहे. जून १९८७ मध्ये लंडनच्या इझलिंग्टन भागातल्या एका पबात छोट्या रेकॉर्ड कंपन्यांची मंडळी जमली. त्यांचं दुखणं व्यापारी होतं. आफ्रिकेतल्या, बल्गेरियातल्या रेकॉर्डी नेमक्या कुठे लावायच्या हे दुकानदारांना कळत नव्हतं. 'वर्ल्ड बीट' म्हणावं तर ठेक्यावाचूनचं संगीत सुटतं, 'ट्रॉपिकल' म्हणावं तर बल्गेरियाच्या गाणाऱ्या बायका सुटतात. ज्यातून सगळ्यात कमी सुटतं ते नाव ठरलं: 'वर्ल्ड म्युझिक'. पुढे महोत्सव आले, ग्रॅमी आली, आणि २०२० साली ग्रॅमीवाल्यांनी 'वर्ल्ड'च्या जागी 'ग्लोबल' केलं. पाटी नवी, कप्पा जुनाच.

आपल्याकडे संगीताचे अभ्यासक अशोक दा. रानडे यांनीही संगीताच्या कोटी लावल्या: आदिम, लोक, धर्म, कला, जन, संगम. त्या वाचताना कुणाला राग येत नाही, कारण ते संगीत कुणासाठी, कशासाठी, कसं जगतं हे त्यांत पाहिलेलं आहे. पबातल्या मंडळींनी पाहिलं ते एवढंच, की गिऱ्हाईक कुठे उभं आहे. एक जाणत्याची मांडणी, दुसरी नेणत्याची. संग्रह लावायचा तर जाणत्यासारखा लावावा, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती.

डेव्हिड बर्न या अमेरिकी गायकाने १९९९ साली न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहून 'वर्ल्ड म्युझिक' या नावाचा तिटकारा जाहीर केला होता. 'ते आपल्यातले नव्हेत' असं म्हणायची ही सोय आहे, असा त्याच्या म्हणण्याचा रोख. लेख वाचून मी मान डोलावली होती. आता मात्र वाटतं, बर्नसाहेबांचं बरं आहे. त्यांनी स्वतः काढलेली रेकॉर्ड कंपनी, ब्राझीलच्या गायकांशी घरोबा. त्यांना कप्पा हवा कशाला? ज्याला त्यांच्यातला टॉम झे ठाऊक आहे तो 'ट'खाली शोधील. ज्याला तो माणूस जन्माला आल्याचाच पत्ता नाही, त्याने कोणत्या अक्षराखाली शोधायचं?

मालीचा तो कोरावादक, तुमानी जाबाते, मला कसा सापडला? काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये, ते चालू होतं तेव्हा, मी गोव्याच्या एका मित्रासाठी फादो, म्हणजे पोर्तुगालचं गाणं, शोधत होतो. फादोच्या शेजारी, केवळ दोन्ही 'बाकीचे' म्हणून, तुमानीची 'कायरा' ही १९८८ सालची तबकडी होती. ती काढणारी हॅनिबल कंपनी पबातल्या त्याच बैठकीतली.

इथे जरा रेंगाळतो. कोरा म्हणजे चामड्याने मढवलेला अर्धा भोपळा, लांब दांडी आणि एकवीस तारा. वाजवायला दोन अंगठे आणि दोन तर्जन्या, बस. 'कायरा'त तुमानी एकटा आहे आणि वरून दुसरा थर चढवलेला नाही. तरी पहिल्यांदा ऐकताना तिघेजण बसलेत असं वाटतं. अंगठे खालचा स्वर धरतात, एक घोळणारी आकृती चालू राहते तिला कुंबेंगो म्हणतात, आणि तिच्यावरून मधूनच जी लड सुटते ती बिरिमिंतिंगो. एकल तबल्यात लेहरा एक जण धरतो आणि दुसरा त्यावर खेळतो. इथे दोन्ही कामं एकाच्याच चार बोटांची. मी सवयीने सम शोधत होतो. आकृती पुन्हा पुन्हा येत होती, पण दाद द्यायची ती जागा काही येईना. बऱ्याच ऐकण्यानंतर कानाने शोध सोडला आणि नुसता त्या फिरण्यात राहू लागला. गंमत अशी, की नंतर लेहराही वेगळा ऐकू यायला लागला. आजवर मी तो केवळ तबल्याचा हिशेब ठेवणारा कारकून समजत होतो.

संग्रहाला नवी हवा लागते म्हणतात ती अशी. वीस तबकड्या वाढल्या म्हणून संग्रह ताजा होत नाही. जुन्या तबकड्या वेगळ्या वाजायला लागल्या तर होतो. आणि हे शेजार कुणा जाणत्याने लावलं नसतं. फादो आणि कोरा एकमेकांना लागून ठेवायचं काही संगीतशास्त्रीय कारण नाही. आजची ॲप तर जे आवडतं त्याच्यासारखंच पुढे करतात. भूप ऐकला की देशकार. त्यांची मांडणी जाणत्याचीच, फक्त जाणते ते मला.

बर्नच्या बाजूने एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. १९९२ साली 'डीप फॉरेस्ट' नावाच्या फ्रेंच जोडीने सॉलोमन बेटांवरचं एक अंगाईगीत ठेक्यावर चढवलं. मूळ ध्वनिमुद्रण ह्यूगो झेम्प या अभ्यासकाचं, गाणारी बाई अफुनाक्वा. अल्बमचा सगळा थाट आफ्रिकेच्या रानातल्या पिग्मींचा. रान कुठलं नि बेट कुठलं! गाणं जगभर गाजलं, बाई अंधारात राहिली. 'बाकीचे' म्हटलं की नाव-गाव विचारायची गरज उरत नाही, हा बर्नचा संशय इथे शंभर टक्के खरा ठरतो.

पण हा दोष अनोळखी शेजार घडवण्याचा नाही, त्या शेजाऱ्याला जन्मभर अनोळखीच ठेवण्याचा आहे. रानड्यांच्या कोटी हव्यातच, पण त्या कळलेल्या गाण्यासाठी. न कळलेल्याला आधी आत यायला दार लागतं, आणि ते दार बावळटच असणार. किशोरीताईंना माझ्या घरात त्या कप्प्यात जागा नाही. लिस्बनमधल्या कुणाला त्या तिथेच, फादोच्या पलीकडे सापडल्या, तर मला रागवायचं कारण नाही. त्याने मग भूप आणि देशकार वेगळे ओळखेपर्यंत ऐकावं, म्हणजे झालं.

म्हणून मी 'वर्ल्ड' हा कप्पा ठेवला आहे, एका अटीवर: त्यातून माणसं बाहेर पडली पाहिजेत. तुमानी आता वादकाच्या नावाने आणि मालीच्या जाबाते घराण्याच्या नोंदीने लागला आहे. बल्गेरियाच्या बायका अजून आत आहेत, कारण त्यांच्या सुरांतली घासाघीस मला उमगलेली नाही. कप्पा रिकामा झाला तर ऐकणं थांबलं असं समजावं, आणि वर्षानुवर्षं तीच नावं त्यात पडून राहिली, तर ते सुरूच झालं नव्हतं असं.