हलवायाच्या घरावर तुळशीपत्र

डिसेंबर २०२४ मध्ये टिपेश्वरकडून शेकडो किलोमीटर चालत आलेला वाघ येडशीच्या रामलिंग अभयारण्यात कॅमेऱ्यात टिपला गेला, तेव्हा धाराशिव जिल्ह्यात दुसरा विषय नव्हता. मात्र ज्याच्या गोठ्यातलं जनावर गेलं त्याचं बोलणं वेगळं आणि मोबाइलवर वाघाचा फोटो पुढे पाठवणाऱ्याचं वेगळं. रानडुकरांनी उभं पीक झोपवलेल्या शेतकऱ्याला हा फरक कुणी समजावून सांगायला नको.

कोकण किनाऱ्यावर हाच हिशेब पाण्यात चालतो. तिथल्या उथळ पाण्यात पाठीवर पर नसलेला पॉरपॉइज राहतो. डॉल्फिनचा हा नातलग. लांबी साधारण दीड मीटर, डोकं गोल, चोच नाही, दात फावड्यासारखे चपटे. उड्या मारून करमणूक करणं त्याच्या स्वभावात नाही. श्वासापुरता वर येतो आणि गडप होतो. त्यामुळे त्याचे फोटोही कुणी पाठवत नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात मात्र तो वाघाच्याच पंक्तीला, पहिल्या अनुसूचीत आहे. मादी अकराएक महिने गर्भ वाढवते आणि एका वेळी एकच पिल्लू देते, म्हणजे गेलेल्यांची भरपाई फार सावकाश होते.

त्याला मारायचं कुणाच्याच मनात नसतं. मासळीसाठी उभ्या सोडलेल्या गिलनेट जाळ्यात तो अडकतो, वर येऊन श्वास घेता येत नाही आणि गुदमरतो. संरक्षित प्राणी सोडवताना जाळं कापावं लागलं तर २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभागाने डिसेंबर २०१८ मध्ये आणली. योजना चांगलीच आहे; त्यामुळे कितीतरी कासवं सुटली. पण पॉरपॉइज काही मिनिटांतच संपतो. जाळं ओढेपर्यंत सोडवण्यासारखं बहुधा काही उरत नाही.

म्हणजे त्याने जाळ्यात शिरूच नये अशी सोय हवी. जाळ्याला आवाज करणारी छोटी यंत्रं लावल्यावर उत्तर अटलांटिकमध्ये पॉरपॉइजचे मृत्यू कमी झाले. नुसत्या बंदीने काय होतं ते मेक्सिकोत दिसलं: बंदी असूनही गिलनेट पडत राहिली आणि व्हाकिटा हा तिथला पॉरपॉइज आज दहाच्या आसपास उरलाय.

यंत्रांना पैसे लागतात. ते कोळ्याने का भरावेत? बर्फात घातलेली सुरमई घाट चढून आपल्या ताटातही येते. किलोमागे चार रुपये जास्त मोजायची किंवा सरकारने ते आपल्या करातून द्यावेत असं म्हणायची आपली तयारी नसेल, तर कोळ्याला भूतदया शिकवण्याचा अधिकार आपल्याला नाही.