नचिकेत्याची शंका

कठोपनिषदाची कथा आपण जाणताच. वाजश्रवसाने सर्वस्वदानाचा विश्वजित यज्ञ मांडला आणि दक्षिणेच्या गाई निघाल्या. पण गाई कशा? चारापाणी संपलेल्या, दूध आटलेल्या, पुन्हा वेत होणे नाही अशा. लहानगा नचिकेता ते पाहतो, आणि त्याच्या अंतरात श्रद्धा शिरते. श्रुतीने येथे श्रद्धा हाच शब्द घातला आहे, राग नव्हे, हे ध्यानात घ्या. अशा दानाने बाप आनंदहीन लोकांस जाईल, ही त्या पोराला काळजी. पुढली यमाची कथा कीर्तनात रंगते, म्हणून गाईंपाशी फारसे कोणी थांबत नाही. आज तेथेच थांबू.

विलायतेत धर्मार्थ दुकाने असतात. ऑक्सफर्डला १९४२ साली दुष्काळपीडितांसाठी एक समिती निघाली, तीच पुढे ऑक्सफॅम झाली. तिचे तिथल्या ब्रॉड स्ट्रीटवरचे दुकान या प्रकारातले फार जुने. आता तिकडच्या गावोगावच्या बाजारपेठांत अशी दुकाने दिसतात. कोणाचे रुग्णांसाठी, कोणाचे मुक्या जनावरांसाठी. लोक वापरलेले कपडे, पुस्तके, भांडी आणून देतात. गल्ल्यावर बहुतेक सेवेकरी, त्यांत पुष्कळ सेवानिवृत्त. विक्रीचा पैसा कार्याला जातो.

मला यातली मोठी गोष्ट दिसते ती ही की, घेणारा पैसे मोजून घेतो. गरजवंत आणि सुखवस्तू एकाच मांडणीपुढे उभे. कोण कशासाठी आला हे कोणी विचारीत नाही. घेणाऱ्याची मान खाली जाऊ न देणे हे दानातले सर्वांत अवघड काम, ते तेथे आपोआप साधते.

मात्र वाजश्रवसाच्या गाई तेथेही येतात! कॉलर विटलेला सदरा, एकच पायताण, सोंगट्या हरवलेला खेळ. सेवेकऱ्यांचा दिवस गाठोडी उपसण्यात जातो, आणि कचरा उचलण्याचा खर्च संस्थेच्या माथी बसतो. म्हणजे दात्याने दिले तर नाहीच, वर घेतले. दुकान बंद असता दाराशी पिशवी टाकून जाणारे असतात; पावसात चांगला स्वेटरही वाया जातो. शिवाय कायदा आहे. सोफा कितीही मऊ असो, १९८८ च्या नियमांप्रमाणे अग्निसुरक्षेची चिठ्ठी त्यावर नसेल तर तो विकता येत नाही. तिकडे राहणाऱ्या आपल्या मंडळींनी आधी दुकानात विचारावे. कपडा धुवावा, बटण लावावे, खिसे चाचपावेत, जोडे एकत्र बांधावेत.

इकडे आपल्या शहरांतून 'माणुसकीची भिंत' असते. तेथे विक्री नाही, ज्याला हवे त्याने न्यावे. पण लटकवणाऱ्याच्या तोंडी पुष्कळदा एकच बोल असतो, ''चालेल त्यांना.'' हे 'ते' कोण हो? वारीच्या वाटेवर पावसाने निथळत आपण कोणाच्या पडवीत उभे राहतो, आणि घरची माउली कोरडा पंचा पुढे करते. तो फेकायच्या चिंध्यांतून उपसलेला नसतो. घडीचा असतो, धुतलेला असतो. त्या पडवीतले 'ते' आपणच की!

मग फाटक्याचे काय करावे, असे कोणी विचारील. त्याची गोधडी होते, पायपुसणे होते. ते घरचे काम, घरीच करावे.